लेझर लिंक उभारायची आहे? आधी धुकं मोजा

लेझर लिंक म्हणजे मोकळ्या हवेतून, लेझरच्या झोतावर डेटा नेणारा दुवा; तिच्या दोन टोकांना असतात ती टर्मिनलं. लेझर टर्मिनलच्या माहितीपत्रकात सगळ्यात ठळक छापलेला असतो तो वेग: सेकंदाला १ गिगाबिट, १० गिगाबिट. सगळ्यात बारीक छापलेली असते ती अट, की हा वेग अमुक इतक्या दृश्यमानतेत मिळेल. या विषयात नव्याने येणाऱ्याने वाचायला सुरुवात त्या बारीक अक्षरांपासून करावी. लष्करी मैदानात लेझर लिंक लावणं फारसं अवघड नाही. ती टिकवणं अवघड आहे, आणि ती टिकेल की नाही हे यंत्र खरेदी करण्याच्या कितीतरी आधी, नकाशा आणि हवामानाच्या नोंदी घेऊन बसलं की बरंचसं कळतं.

हा लेख सैन्याच्या सिग्नल (संदेशवहन) शाखेत नव्याने आलेल्यांसाठी, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि संरक्षण दलांसाठी उपकरण बनवू पाहणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी आहे. विमानं आणि उपग्रह बाजूला ठेवून फक्त जमिनीवरून जमिनीवर, १ ते १० किमीच्या लिंकबद्दल बोलू. गणित सगळं पाठ्यपुस्तकातलं आहे.

कल्पना जुनीच आहे

प्रकाशावरून लष्करी निरोप पाठवणं आपल्या भागाला नवं नाही. हेन्री मान्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९च्या सुमारास हेलिओग्राफ बनवला तो कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. आरसा, सूर्य आणि मोर्स. दुसऱ्या अफगाण युद्धात तो डोंगरमाथ्यांवरून भरपूर वापरला गेला. १८८० मध्ये ग्रॅहम बेल आणि सम्नर टेंटर यांनी वॉशिंग्टनमध्ये २१३ मीटरवर प्रकाशकिरणातून चक्क आवाज पाठवला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याकडे झाइस कंपनीची अवरक्त प्रकाशावर बोलणारी यंत्रं होती. पुढे अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने मरीन तुकड्यांसाठी 'टॅलन' नावाची लेझर यंत्रणा घडवली, आणि डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या 'फोनेक्स' प्रयोगात विमानं व जमिनीवरची ठाणी लेझर आणि रेडिओ अशा दुहेरी लिंकने जोडली गेली. त्या दुहेरीपणाकडे पुढे परत येऊ, कारण खरी शिकवण तिथेच आहे.

१. गरज एका वाक्यात लिहा

रेडिओ लावला की तो आपल्या माणसाला ऐकू जातो आणि शत्रूच्या डिरेक्शन फाइंडरलाही, म्हणजे रेडिओची दिशा काढणाऱ्या यंत्रालाही. शिवाय जॅमिंग, म्हणजे मुद्दाम गोंगाट करून रेडिओ दाबणं, आहेच. युक्रेनच्या युद्धात २०२४ पासून ड्रोनच्या मागे ऑप्टिकल फायबरचं रीळ लावून ते उडवण्याची वेळ आली ती जॅमिंगमुळेच. लेझरचा झोत अरुंद असतो, त्यामुळे तो बाजूने पकडणं किंवा दाबणं खूप कठीण. फ्रिक्वेन्सी मागत बसावं लागत नाही, कारण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्याख्येत रेडिओलहरी ३००० गिगाहर्ट्झला संपतात आणि १५५० नॅनोमीटरचा लेझर १,९३,००० गिगाहर्ट्झच्या आसपास असतो.

पण 'सगळीकडे लेझर' ही गरज नव्हे, ती हौस झाली. मला सर्वांत पटणारा उपयोग अगदी साधा आहे. मुख्यालय एका नाल्यात लपवायचं आणि त्याचे रेडिओ अँटेना दोन-तीन किमी दूरच्या टेकडीवर ठेवायचे, म्हणजे शत्रूने दिशा काढली तरी टेकडी सापडेल, मुख्यालय नाही. आज हा दुवा फायबर केबलने जोडतात. केबल अंथरायला वेळ जातो, रणगाड्याच्या पट्ट्याखाली ती तुटते आणि हलताना गुंडाळावी लागते. या दोन-तीन किमीच्या उडीसाठी लेझर चपखल बसतो.

म्हणून वाक्य असं हवं: 'क ठिकाणाहून ख ठिकाणी, इतकं अंतर, इतका डेटा, दिवसातून इतका वेळ, आणि लिंक पडली तर इतक्या वेळात पर्याय.' शेवटचा भाग भरला नसेल तर पुढे जाऊ नका.

२. जागा निवडा

एका टोकावरून दुसरं टोक दिसलं पाहिजे, हे उघड आहे. लेझरला त्यात एक सवलत मिळते. ५ किमीच्या रेडिओ लिंकला, ५ गिगाहर्ट्झवर, मध्यावर रेषेभोवती साधारण साडेआठ मीटर मोकळी जागा लागते. १५५० नॅनोमीटरच्या लेझरला त्याच हिशेबाने ४-५ सेंटीमीटर पुरतात, त्यापुढे झोताची स्वतःची रुंदी तेवढी मोकळी ठेवायची. म्हणजे दोन इमारतींच्या फटीतून किंवा झाडांच्या कमानीखालून लिंक जाऊ शकते. पृथ्वीची वक्रता ५ किमीवर अर्ध्या मीटरच्या आत राहते, पण २० किमीवर मधला फुगवटा जवळपास ८ मीटर होतो.

यापुढचं लष्करी शहाणपण माहितीपत्रकात नसतं. झोत रिसीव्हरवर थांबत नाही. रिसीव्हरचं भिंग दहा सेंटीमीटरचं आणि तिथे पोचलेला झोत दोन मीटर रुंद असला, तर बाकीचा प्रकाश मागे निघून जातो, कित्येक किमी. म्हणून लिंक शक्यतो आघाडीला समांतर ठेवा, शत्रूच्या दिशेने रोखलेली नको. रिसीव्हरच्या मागे डोंगराचा उतार आला तर उत्तम. टर्मिनल अगदी माथ्यावर ठेवू नका, आकाशाच्या पार्श्वभूमीवर ते उठून दिसतं.

पूर्व-पश्चिम लिंक असेल तर वर्षातल्या काही दिवशी सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला सूर्य थेट रिसीव्हरमध्ये येतो आणि काही मिनिटं लिंक आंधळी होते. दिशा थोडी वळवली तरी हे टळतं. खालून वाहनांचा रस्ता जातो का, हेलिपॅड जवळ आहे का, हेही पाहा. रोटरने उडवलेली धूळ लिंक पाडते.

३. हवामानाच्या नोंदी मागवा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

प्रकाशाला पावसापेक्षा धुकं जास्त अडवतं. नवख्यांना हे उलटं वाटतं, कारण पाऊस डोळ्यांना जोरदार दिसतो. पण पावसाचे थेंब मोठे आणि विरळ असतात. धुक्याचे कण काही मायक्रोमीटरचे, म्हणजे लेझरच्या तरंगलांबीच्या आसपासचे, आणि संख्येने अफाट. ते प्रकाश चौफेर विखुरतात. ताशी २५ मिमीच्या जोरदार पावसात किमीला साधारण ९ डेसिबल जातात, ताशी १०० मिमीच्या ढगफुटीसारख्या सरींत २३-२४. धुक्याचा अंदाज काढायला एक सोपं सूत्र पाठ करा: १७ भागिले दृश्यमानता (किमीमध्ये), म्हणजे दर किमीला होणारी डेसिबलमधली घट.

भारतीय हवामान विभाग धुक्याचे चार वर्ग करतो. त्यांना हे सूत्र लावू.

दृश्यमानता १ किमी, विरळ धुक्याची वरची हद्द: १७ डेसिबल प्रति किमी (१५५० नॅनोमीटरला थोडी सवलत, साधारण १०).
५०० मीटर, मध्यम धुक्याची वरची हद्द: ३४.
२०० मीटर, दाट धुक्याची वरची हद्द: ८५.
५० मीटर, अतिदाट धुकं इथून सुरू: ३४०.

डेसिबलची सवय नसेल तर इतकं लक्षात ठेवा की दर १० डेसिबलला प्रकाश दहापट कमी होतो. ८५ डेसिबल म्हणजे तीस कोटींतला एक भाग पोचला. ३४० डेसिबलला काहीही पोचत नाही.

काही विक्रेते सांगतात की तरंगलांबी वाढवली की लेझर धुकं भेदतो. धूसर हवेत आणि विरळ धुक्यात थोडा फायदा होतो हे खरं. दृश्यमानता ५०० मीटरच्या खाली गेली की ८५० आणि १५५० नॅनोमीटर यांत व्यवहारात फरक राहत नाही. तेव्हा त्या दाव्यावर पैसे लावू नका.

नोंदी कुठून आणायच्या? सर्वांत जवळच्या विमानतळाचे दर तासाचे, काही ठिकाणी अर्ध्या तासाचे हवामान अहवाल मिळतात, त्यांत दृश्यमानता असते. भारतातल्या अनेक धावपट्ट्यांवर बेंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने बनवलेली 'दृष्टी' नावाची यंत्रं हेच मोजतात. निदान दोन-तीन वर्षांच्या नोंदी घ्या आणि महिना व तास यांनुसार मांडा. वार्षिक सरासरी निरुपयोगी आहे. वर्षभरात ९७ टक्के वेळ हवा स्वच्छ असली तरी उरलेले ३ टक्के जर सगळे जानेवारीच्या पहाटे पडत असतील, तर हल्ला नेमका तेव्हाच होणार हे गृहीत धरा.

प्रदेश बदलला की उत्तर बदलतं. पंजाबच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत रात्रभर आणि सकाळी उशिरापर्यंत धुकं बसतं, तिथे लेझर एकट्याच्या भरवशावर ठेवणं चूक. राजस्थानात धुकं कमी, पण धुळीची वादळं आणि तापलेली जमीन. लेहला, साडेतीन हजार मीटर उंचीवर, हवा विरळ आणि कोरडी, वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिमी. लेझरसाठी देशातली ही बहुधा सर्वांत चांगली हवा, फक्त बर्फवृष्टीत लिंक पडते आणि काचेवर हिम जमतं म्हणून तापक लागतो. आणि आपल्या सह्याद्रीत, आंबोली किंवा महाबळेश्वरला, जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा ढगच माथ्यावर उतरलेला असतो. सूत्राच्या दृष्टीने ढगात असणं आणि दाट धुक्यात असणं सारखंच. तिथे टर्मिनल माथ्यावर नेऊन उलट नुकसान होतं, ढगाच्या तळाखाली राहणारी जागा शोधावी लागते.

नागरी जगातलं उदाहरण बोलकं आहे. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटच्या 'तारा' प्रकल्पाने काँगो नदीपलीकडे, ब्राझाव्हिल ते किन्शासा, ४.८ किमीवर लेझर लावला आणि २० दिवसांत सुमारे ७०० टेराबाइट डेटा ९९.९ टक्के उपलब्धतेने नेला. याच चमूने सॅन फ्रान्सिस्कोसारखं धुक्याचं शहर या तंत्राला कदाचित कधीच आदर्श ठरणार नाही असंही लिहून टाकलं. जागेची निवड हीच अर्धी अभियांत्रिकी.

४. डेसिबलचा हिशेब मांडा

याला लिंक बजेट म्हणतात. खरोखर जमाखर्चच आहे. एक नमुना पाहू. अंतर ५ किमी, लेझर १५५० नॅनोमीटरचा आणि १०० मिलिवॉट, झोताचा पसारा ०.४ मिलिरेडियन (म्हणजे दर किमीला ०.४ मीटर रुंदी), रिसीव्हरचं भिंग १० सेंटीमीटर.

पाठवलेली शक्ती: अधिक २० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेतले डेसिबल).
५ किमीवर झोत २ मीटर रुंद होतो, भिंगात त्याचा छोटा तुकडा येतो: वजा २६.
दोन्हीकडची भिंगं, आरसे, फिल्टर: वजा ४.
नेम किंचित चुकणार म्हणून: वजा ३.
स्वच्छ हवेतली घट, किमीला ०.२ प्रमाणे: वजा १.
पोचलेली शक्ती: वजा १४ डीबीएम.

समजा १ गिगाबिटसाठी रिसीव्हरला किमान वजा ३४ डीबीएम लागतात. शिल्लक २० डेसिबल. त्यातले ८ हवेच्या थरथरीसाठी बाजूला काढा (ती पायरी पुढे आहे). हवामानाशी झगडायला उरले १२. पाच किमीवर वाटले तर किमीला २.४. सूत्र नुसतं उलटं फिरवलं तर ७ किमी येतात; १५५० नॅनोमीटरची सवलत धरली (हवा जितकी स्वच्छ तितकी ती जास्त) की उत्तर येतं: दृश्यमानता साधारण ३ किमीच्या खाली गेली की ही लिंक पडणार. म्हणजे धुकं सोडाच, नुसत्या दाट धुरकट हवेत.

आता नवखा माणूस लेझरची शक्ती वाढवतो. दहापट केली, १ वॉट, १० डेसिबल जास्त मिळाले. हद्द ३ किमीवरून १.९ किमीवर आली. डोळ्यांचा धोका, उष्णता आणि बॅटरीचा खर्च मात्र वाढला.

त्याऐवजी शक्ती तीच ठेवून मध्ये एक टर्मिनल घाला आणि अडीच-अडीच किमीच्या दोन उड्या करा. झोत आता १ मीटरच रुंद होतो, तिथे ६ डेसिबल वाचले. हवेची थरथर कमी, समजा ५ डेसिबल. हवामानासाठी साधारण २१ उरले, तेही निम्म्या अंतरासाठी. हद्द येते १.१ ते १.२ किमीवर. दहापट शक्तीने जे जमलं नाही ते अंतर निम्मं केल्याने जमलं, कारण धुक्यातली घट अंतराच्या घातांकात वाढते. लेझरच्या जाळ्यात लांब उडीचा मोह सोडायचा आणि छोट्या उड्या मारायच्या, हे तत्त्व इथून येतं.

अर्थात दाट धुक्यात, दृश्यमानता २०० मीटर असताना, हेच २१ डेसिबल २५० मीटरही पुरत नाहीत. हे आकडे तुमच्या यंत्राचे आकडे घालून स्वतः कागदावर काढा. एकदा हाताने केलं की पुढे कोणाचं सादरीकरण ऐकताना नेमका प्रश्न विचारता येतो.

५. तरंगलांबी: डोळे आणि रात्रीच्या दुर्बिणी

व्यवहारात पर्याय दोनच, ८५० च्या आसपास किंवा १५५० नॅनोमीटर. लष्करासाठी मी १५५० च्या बाजूने आहे, दोन कारणांनी.

पहिलं सुरक्षिततेचं. ८५० चा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून जाऊन पडद्यावर एकवटतो, आणि दिसत नसल्यामुळे पापणीही मिटत नाही. १५५० चा प्रकाश बुबुळाच्या पुढच्या भागातच शोषला जातो. म्हणून लेझर सुरक्षेच्या आयईसी ६०८२५ मानकात सर्वांत सुरक्षित वर्गासाठी १५५० ला साधारण १० मिलिवॉट चालतात, ८५० ला १ मिलिवॉटही नाही. तरीही गाफील राहू नका. 'वर्ग १एम' म्हणजे नुसत्या डोळ्यांना सुरक्षित, पण दुर्बिणीतून पाहिलं तर नाही, आणि सैन्यात समोरच्या टेकडीकडे माणूस दुर्बिणीतूनच पाहतो. झोताची रेषा नकाशावर आखून आजूबाजूच्या तुकड्यांना ती लेखी कळवा.

दुसरं लपण्याचं. रात्रीच्या नेहमीच्या, प्रतिमा उजळवणाऱ्या गॉगलला साधारण ९०० नॅनोमीटरपर्यंतचं दिसतं. ८५० चा झोत धूसर हवेत त्या गॉगलमधून उजळ रेघेसारखा दिसू शकतो. १५५० त्यांना दिसत नाही. त्यासाठी वेगळ्या जातीचा इन्फ्रारेड कॅमेरा लागतो, आणि तो शत्रूकडे असूही शकतो. टर्मिनल घेताना मुख्य लेझरबरोबर बीकनची तरंगलांबीही विचारा. मुख्य झोत १५५० चा आणि नेम साधायचा बीकन ८५० चा असेल तर लपण्याचा अर्धा फायदा गेला.

६. नेम साधा आणि धरून ठेवा

०.४ मिलिरेडियन म्हणजे एका अंशाचा साधारण चव्वेचाळिसावा भाग. तोफखान्यातल्या माणसाला हे पटकन कळेल: पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल, आणि १ मिल म्हणजे १ किमीवर साधारण १ मीटर. आपला झोत अर्ध्या मिलपेक्षाही अरुंद आहे.

होकायंत्र एक अंश चुकलं तर ५ किमीवर ८७ मीटरची चूक होते. दोन्ही बाजूंनी धरून पावणेदोनशे मीटरच्या पट्ट्यात २ मीटरचा झोत शोधायचा, आणि तोही समोरच्या टोकालाही तेच करायचं असताना. म्हणून काम तीन टप्प्यांत होतं.

पहिला, ढोबळ दिशा. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि उंची यांवरून दिशा आणि चढ काढा. उपग्रहावरचं स्थाननिर्धारण जॅम होईल असं धरून ही दिशा आधीच कागदावर लिहून ठेवा, आणि टर्मिनलवरच्या दुर्बिणीतून ओळखीची खूण पकडून ती पडताळा. लोखंडी वाहनाशेजारी होकायंत्र वाचू नका.

दुसरा, शोध. एक टोक मुद्दाम पसरट बीकन सोडतं आणि स्थिर राहतं, दुसरं मळसूत्री रेषेत फिरत तो शोधतं. सापडला की भूमिका बदलतात. कोण स्थिर आणि कोण शोधणार हे आधी ठरलेलं असावं, नाहीतर दोघे एकमेकांना शोधत बसतात. बोलायला या वेळेपुरता एक हलका रेडिओ किंवा फील्ड टेलिफोन लागतो.

तिसरा, पाठलाग. एकदा पकडल्यावर चार भागांचा सेन्सर झोत कुठे सरकतोय ते सांगतो आणि एक छोटा, वेगवान आरसा सेकंदाला शेकडो वेळा तो जागेवर आणतो. हे लागतंच, कारण दोन मीटर उंच ट्रायपॉडचं टोक ०.४ मिलिमीटर हललं की अर्धा झोत सरकला. वारा, जनरेटरची थरथर, उन्हाने तापून वाकणारा मास्ट, शेजारून गेलेला ट्रक, सगळं यात येतं. स्वयंचलित पाठलाग नसलेली स्वस्त टर्मिनलं पक्क्या इमारतीवर चालतात. मैदानात, मास्टवर, घेऊ नका. पायांवर वाळूच्या गोण्या ठेवा, ताण द्या, जनरेटर लांब न्या.

लहान ड्रोनला जड आरसे आणि मोटारी झेपत नाहीत. त्यावर परावर्तकाची युक्ती आहे: लेझर जमिनीवरूनच टाकायचा, ड्रोनवरचा विशेष परावर्तक तो आल्या वाटेने परत पाठवतो आणि परत पाठवताना त्यात डेटा भरतो. अमेरिकी नौदलाच्या त्याच प्रयोगशाळेने यावर बरंच काम केलं आहे.

७. हवेची थरथर

तापलेल्या डांबरी रस्त्यावर दूरचं दृश्य लटलट हलताना दिसतं, तेच लेझरला होतं. गरम-थंड हवेच्या गाठोड्यांमुळे पोचणारा प्रकाश क्षणात वाढतो, क्षणात बुडतो. बुडी काही मिलिसेकंदांची असते, पण १ गिगाबिटवर १० मिलिसेकंद म्हणजे एक कोटी बिट गायब.

उपाय ठरलेले आहेत. झोत जमिनीपासून जितका उंच तितकं बरं. खाली दोन मीटरवरून जाणारा झोत आणि दरी ओलांडणारा झोत यांत फार फरक पडतो. रिसीव्हरचं भिंग मोठं असलं की चढउतार त्यावर आपोआप सरासरीत जातात. एकाऐवजी थोड्या अंतरावरून चार झोत सोडले तर चारही एकाच वेळी बुडत नाहीत, आणि मध्ये पक्षी आला तरी लिंक टिकते. शिवाय चूक दुरुस्त करणारं कोडिंग, तेही डेटाचे तुकडे वेगवेगळ्या क्षणांत पसरवून.

आणि एक सावधगिरी. सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताआधी थोडा वेळ जमीन आणि हवा यांचं तापमान सारखं होतं, तेव्हा थरथर सर्वांत कमी असते. प्रात्यक्षिकं नेमकी सकाळच्या प्रसन्न वेळी का ठेवतात याचं एक कारण हेही असू शकेल. चाचणी दुपारी एक ते तीन दरम्यान घ्या, उन्हाळ्यात.

८. रेडिओची जोड द्या

इथे फोनेक्सची शिकवण. लेझर आणि रेडिओ यांच्या कमजोऱ्या वेगळ्या आहेत. ७०-८० गिगाहर्ट्झच्या मिलिमीटर लहरी पावसात मार खातात, धुक्यातून मात्र जवळजवळ बिनबोभाट जातात. लेझरचं उलटं. दोन्ही शेजारी लावले तर एकाच वेळी पडण्याची शक्यता कमी होते. १० गिगाहर्ट्झखालच्या रेडिओला धुकं आणि पाऊस दोन्हींचा फारसा त्रास नाही, पण वेग कमी, आणि तो दूरवर ऐकू जातो.

मग नियम ठरवा. लेझर पडला की रेडिओ आपोआप सुरू व्हायचा, की कमांडरच्या परवानगीने? काही प्रसंगी रेडिओ शांत ठेवणं लिंकपेक्षा महत्त्वाचं असतं. रेडिओवर किती कमी डेटा जाईल हे मोजून आधीच प्राधान्य लावा: आदेश आणि आवाज आधी, नकाशे नंतर, ड्रोनचा व्हिडिओ शेवटी.

राउटरच्या मांडणीत नवखे हमखास अडकतात. लिंक सेकंदात दहादा पडते-उठते आणि प्रत्येक वेळी राउटर सगळ्या जाळ्याला नवे मार्ग कळवत बसतो, त्यात जाळंच गुदमरतं. रेडिओवर जाणं ताबडतोब ठेवा, पण लेझरवर परत येणं सावकाश: पोचणारी शक्ती हद्दीच्या चार-पाच डेसिबल वर सलग अर्धा-एक मिनिट राहिली तरच. जमलं तर प्रत्येक टर्मिनलला दोन वेगळ्या दिशांना शेजारी द्या. एका दरीत धुकं असलं तरी दुसरी मोकळी असू शकते.

९. झोत अरुंद असला तरी कुलूप हवंच

लेझर पकडला जाणं कठीण असतं, अशक्य नसतं. रिसीव्हरमागे सांडणारा प्रकाश आणि धूसर हवेत बाजूला विखुरलेला प्रकाश, दोन्हीकडून काहीतरी बाहेर जातं. कूटलेखन रेडिओइतकंच कडक ठेवा. क्वांटम किल्ल्यांची (प्रकाशकणांतून पाठवलेल्या कूटलेखनाच्या चाव्यांची) चर्चा कानावर आली असेल; अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात इस्रोने २०२१ मध्ये ३०० मीटरवर, तर डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने २०२५ मध्ये १ किमीहून जास्त अंतरावर मोकळ्या हवेतून प्रात्यक्षिक केलं. दुसऱ्या प्रयोगात सेकंदाला सुमारे २४० बिट किल्ली मिळाली. दिशा चांगली आहे, पण मैदानी टर्मिनलच्या खरेदीत आज हा मुद्दा येत नाही.

१०. हाताने करून पाहा

घरच्या गच्चीवरही सुरुवात होते. १ मिलिवॉटच्या आतला लाल लेझर किंवा भिंगामागचा साधा एलईडी, समोर प्रकाश टिपणारा फोटोडायोड, दोन्हीकडे आर्डुइनो हा छोटा संगणक-बोर्ड, आणि आधी साधी अक्षरं पाठवा. आकाशाकडे, रस्त्याकडे, समोरच्या खिडकीकडे झोत नको. मग डेटा बाजूला ठेवून नुसती पोचणारी शक्ती सेकंदाला हजार वेळा नोंदवा, भर दुपारी आणि सूर्यास्ताआधी. चढउताराच्या वर्गसरासरीला सरासरीच्या वर्गाने भागलं की थरथरीचा निर्देशांक मिळतो. दोन वेळांचा निर्देशांक शेजारी लिहा. थोडं पुढे जायचं असेल तर झेक प्रजासत्ताकात सुरू झालेल्या 'रोन्या' प्रकल्पाचे आराखडे खुले आहेत: लेझरऐवजी एलईडी, १० मेगाबिट, १.४ किमीपर्यंत.

शिक्षणाच्या वाटा जवळ आहेत. पुण्यात गिरिनगरला संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्था आहे, सैन्यातल्यांसाठी महूचं सिग्नलचं महाविद्यालय, आणि डीआरडीओच्या प्रकाशयंत्रं व संदेशवहनाच्या प्रयोगशाळा देहरादूनला.

प्रत्यक्ष लिंक लागल्यावर पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: दर तासाला पोचलेली शक्ती, समोरची कोणती खूण नुसत्या डोळ्यांनी दिसतेय, वारा, आणि लिंक पडली असेल तर किती वेळ. खुणांची अंतरं आधी मोजून ठेवली की वेगळं यंत्र नसतानाही दृश्यमानता नोंदता येते. एक हिवाळा आणि एक पावसाळा या वहीत उतरला की वरच्या बजेटमधला प्रत्येक 'समजा' खोडून तिथे तुमच्या जागेचा आकडा लिहा.